तक्ता सरळ हवा, पाय कुठलेही चालतील

माझ्या आवाराच्या फाटकाचा डावा पल्ला बंद करताना खालून उचलावा लागतो. पाहणाऱ्याला वाटतं बिजागरी ढिली झाली. बिजागरी ठणठणीत आहे, पल्लाच पिळलेला आहे. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा अंगठ्याएवढा वर. तो जोडला त्या दिवशी अंगण नुकतंच सारवलेलं होतं आणि सपाट दिसत होतं. त्यावर मांडलेली चौकट डोळ्यांना सरळ वाटली. गुण्या लावला, चारही कोन बरोबर आले. टाके मारले, वेल्ड भरला, थंड झाल्यावर उभी केली तेव्हा पीळ दिसला. गुण्या कोन दाखवतो, पीळ दाखवत नाही. पीळ सरळ तक्त्यावर कळतो, आणि तक्ता माझ्याकडे नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे, आणि आता तो एकट्या माझा राहिलेला नाही. आमच्या तुमसर तालुक्यातल्या सिहोरा आणि आसपासच्या गावांत घरच्या सिंगल फेजवर चालणारी, एका हाताने उचलता येणारी इन्व्हर्टर मशीन बऱ्याच घरांत दिसतात. पूर्वी वेल्डिंग म्हणजे तुमसरला किंवा चौकातल्या दुकानात जाणं, कारण तिथेच मोठा ट्रान्सफॉर्मर. आता शेतकरी, ट्रॅक्टरवाला, आयटीआय करून आलेला मुलगा, सगळे छपरीत मशीन मांडून बसतात. मशीनवर पैसे जातात, काचेच्या मुखवट्यावर जातात, ग्राइंडरवर जातात. मग कोणीतरी विचारतं, "भाऊ, टेबल कोनतं घ्याव?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी काम काय असतं ते पाहू. आपला भाग धानाचा. चांदपूरच्या जलाशयाचं पाणी बांध्यांत येतं आणि चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील चढतात. त्यांच्या पट्ट्या तुटतात. रोटाव्हेटरचं पातं बसतं तिथला कान तडकतो, ट्रॉलीचा फाळका सुटतो, कल्टिव्हेटरचा दांडा वाकतो. यातलं बहुतेक काम टेबलावर येतच नाही. केजव्हील टेबलावर ठेवणार कसं आणि ट्रॉली चढवणार कुठे? ती कामं जागेवरच करावी लागतात, अनेकदा बांधीच्या धुऱ्यावर. टेबलावर येतात ती दुसरी कामं: खिडकीची जाळी, फाटक, कुलरचा स्टँड, पाण्याच्या टाकीची घडवंची, कोनोवीडरची दुरुस्ती, आणि मोठ्या अवजाराला लागणारे सुटे भाग. म्हणजे तो नवा कान, ती नवी पट्टी, जी टेबलावर बनते आणि शेतात नेऊन जोडली जाते. म्हणून आपल्याकडे टेबल उचलून नेता येणारं हवं. हौस म्हणून नाही, काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे म्हणून.

दुसरं, आपण खाली बसून काम करणारी माणसं. लोहाराची ऐरण जमिनीलगत, लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली. लोहार बसून ठोकतो, भाता शेजारीच. त्याच सवयीने गावातला वेल्डरही उकिडवा बसतो, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात डोळ्यांपुढे धरलेली काच. वर्षानुवर्षं असं काम करून उत्तम फाटकं करणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण उकिडवं बसून वेल्ड करताना डोकं बरोबर धुराच्या वाटेत येतं. धूर सरळ वर चढतो आणि नाक त्याच्यावर वाकलेलं असतं. आपल्याच तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादाला मँगनीज लागतं, आणि आपण जो रोजचा रॉड जाळतो त्याच्या लेपातही फेरोमँगनीज असतं. ते जळून धुरात येतं. बराच काळ मँगनीजचा धूर ओढला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. टेबल घेण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हे आहे. काम कमरेच्या वर आलं की माणूस ताठ उभा राहतो, धूर तोंडासमोरून निघून जातो, आणि छपरी तिन्ही बाजूंनी उघडी असेल तर वारा तो घेऊन जातो. सरळ फाटक हा त्यानंतरचा लाभ.

आता पर्याय. सर्वांत स्वस्त म्हणजे जमीन, तिच्याबद्दल बोललो. सिमेंटचा ओटा सपाट असतो, पण त्याच्यावर सरळ वेल्ड करू नये. सिमेंटच्या पोटात पाणी असतं. एकाच जागी जोराची आच लागली की त्याची वाफ होते आणि कपचे फटकन उडतात. ओट्यावर मोजमाप करा, टाके मारायचे असतील तर खाली लोखंड घाला.

लाकडी टेबलावर पत्रा ठोकलेलं टेबल अनेकांकडे असतं. शाळेतलं मोडकं बाक किंवा जुना दिवाण, वर पत्रा. हलक्या कामाला चालतं, पण पत्र्याखालचं लाकूड धुमसत राहतं. वेल्डिंग थांबवून माणूस जेवायला गेल्यावर आग दिसते. त्यात पत्रा जस्ताचा म्हणजे जीआयचा असेल तर आणखी वाईट. जस्त तापलं की पांढरा धूर निघतो, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आपल्याकडे पाण्याचे जीआय पाइप, छपराचे पत्रे घरोघरी पडलेले असल्यामुळे टेबलाचे पाय त्याचेच करण्याचा मोह होतो. पाय जोडायचे तिथलं जस्त दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच घासून काढल्याशिवाय रॉड लावू नका.

तिसरा पर्याय तयार घडीचं टेबल. ही कल्पना बाहेरून आली आणि ती चांगली आहे. अमेरिकेतलं स्ट्राँग हँड कंपनीचं नोमॅड हे नाव या बाबतीत नेहमी येतं. त्याचा तक्ता ३० बाय २० इंचांचा, मध्ये लांब फटी, पाय मुडपणारे, आणि ३५० पौंड म्हणजे दीडशे किलोंहून थोडं जास्त वजन पेलतं. त्याच धर्तीची स्वस्त टेबलं आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: तक्ता किती मि.मी. जाड आहे? जाहिरातीत किती भार पेलतो ते मोठ्या अक्षरांत असतं, जाडी शोधावी लागते. भार पेलणं आणि सरळ राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ मि.मी. पत्र्याला खालून घड्या मारल्या तर तो माणसाचं वजन पेलेल, पण त्याच्यावर दहा वेळा वेल्ड पडले की तो लाटांसारखा होतो.

असं का होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोखंड तापलं की फुगतं. मीटरभर लांबीला १०० अंश तापमान वाढलं तर सव्वा मि.मी.च्या जवळपास. वेल्डच्या ठिपक्याखाली तापमान शेकड्यांनी वाढतं, पण भोवतालचा पत्रा गारच असतो आणि त्या तापलेल्या जागेला फुगू देत नाही. मग ती जागा आतल्या आत दबून जाड होते. थंड झाल्यावर ती आकसते, पण पहिल्या मापाला परतत नाही, थोडी तोकडीच राहते. ही तोकडी जागा भोवतालच्या पत्र्याला ओढते आणि तो उचलला जातो. जाड प्लेटमध्ये उष्णता झटकन पसरते आणि ओढ सहन करायला अंगात लोखंडही जास्त असतं. टेबल बनवताना लोक प्लेटला खालून चारही बाजूंनी अँगल भरभरून वेल्ड करतात, त्यानेही प्लेट अशीच वाकते. मजबुतीसाठी केलेलं काम सरळपणा घालवतं.

आणि चौथा, सर्वांत वरचा पर्याय म्हणजे भोकांचं टेबल. जर्मनीच्या झीगमुंड कंपनीची टेबलं जगभर प्रसिद्ध आहेत. १६, २२ आणि २८ मि.मी. भोकांच्या तीन पद्धती, ठरावीक अंतरावर ओळीने भोकं, त्यांत बसणारे खुंटे आणि शिकंजे. एकाच मापाच्या शंभर वस्तू करायच्या असतील तर त्याला तोड नाही. घरच्या कामाला ते लागत नाही, आणि परवडण्याचा विषय काढला की ते आपोआप मागे पडतं. पण त्यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: शिकंजा कुठेही लावता आला पाहिजे. अखंड प्लेटच्या टेबलावर सी क्लॅम्प फक्त कडेला लागतो. मधल्या भागात वस्तू धरायची कशी? एक तर विटा ठेवून, नाहीतर पोराला "धर रे" म्हणून. त्या पोराच्या डोळ्यांवर काच नसते आणि रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा बुडते. शिकंजा लावायची सोय ही टेबलाची शोभा नाही, त्या पोराचे डोळे त्यावर अवलंबून आहेत.

भंगाराचा मार्गही आहे आणि मी तो नेटाने चाललो आहे. राईस मिलचे जुने चॅनल, ट्रॉलीच्या तळाची प्लेट, डिस्क हॅरोची तवी पाय म्हणून. चॅनल चांगले निघतात, कारण त्यांना वाकवणं सोपं नसतं. गॅसने कापलेली प्लेट मात्र बहुतेक वेळा वाकलेली असते. कबाड्याकडे जाताना हातभर लांबीची एक सरळ पट्टी आणि टॉर्च घेऊन जा. पट्टी प्लेटवर उभी धरा, पलीकडून टॉर्च लावा आणि अलीकडून बघा. फटीतून उजेड कुठे आणि किती येतो ते तिथेच कळतं. एक नख जाईल एवढी फट चालते. दहा नंबरच्या रॉडची काडी जात असेल, म्हणजे ३ मि.मी.च्या वर, तर ती प्लेट टेबलाला घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

किमतीबद्दल मी रुपयांत बोलणार नाही. लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो, तुमसरला एक आणि भंडाऱ्याला दुसरा, वर १८ टक्के जीएसटी. मी किलोत बोलतो, तुम्ही त्या दिवसाच्या भावाने गुणा. एक हिशोब पाठ करा: १ चौरस फूट, १ मि.मी. जाडीची प्लेट म्हणजे सुमारे ७३० ग्रॅम. ३ बाय २ फुटांचा तक्ता ६ चौरस फुटांचा. दोन सुती म्हणजे ६ मि.मी. प्लेट घेतली तर २६ किलो. तीन सुती म्हणजे १० मि.मी. धरली तर ४४ किलो. ४ बाय २ फुटांचा १० मि.मी. तक्ता ५८ किलोंवर जातो. पाय धरून असं टेबल ८० किलोंचं होतं, त्याला हलवायला तीन माणसं लागतात आणि मग ते कोणी हलवत नाही. वर्षभराने त्याच्यावर खताची पोती दिसतात.

पुस्तकं आणि कारखान्यातले लोक १० मि.मी. प्लेट सांगतात, आणि एका जागी ठेवायच्या टेबलासाठी ते बरोबरच आहे. ज्याच्याकडे पक्कं शेड आहे, काम रोजचं आहे, त्याने १० मि.मी. घ्यावी, पुन्हा विचार करू नये. पण उचलून न्यायचं असेल तर मला प्लेटचा मार्गच चुकीचा वाटतो. प्लेटमध्ये वजन सगळीकडे सारखं वाटलेलं असतं, जिथे लागत नाही तिथेही. चौकोनी पाइपमध्ये तेच लोखंड उंचीत उभं असतं, म्हणून कमी वजनात तो कमी वाकतो. शिवाय पाइपांच्या मध्ये फटी ठेवल्या की सी क्लॅम्प कुठेही उतरतो. ग्राइंडरची ठिणगी आणि वेल्डची खपली खाली पडते, टेबलावर साचत नाही. नटबोल्ट खाली पडतात हा त्याचा एक दोष आहे. त्याला उपाय म्हणून १ फूट बाय १ फूट, १० मि.मी. जाडीचा एक सुटा तुकडा ठेवा. तो सव्वासात किलोंचा होतो, छोट्या कामाला वर ठेवायचा, नाहीतर भिंतीला टेकवायचा.

मी शेवटी जे केलं ते असं. ५० बाय ५० मि.मी., ३ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप ६ मीटर लांबीचा येतो आणि मीटरला सव्वाचार किलोंच्या आसपास भरतो. त्या एकाच लांबीतून ३ फुटांचे सहा तुकडे निघतात आणि हातभर उरतो. तीन-तीन तुकड्यांचे दोन पाट केले, प्रत्येक ३ बाय १ फुटाचा, पाइपांच्या मध्ये चार बोटांची फट, खाली आडवे दोन अँगल, ४० बाय ४० बाय ५ चे. एक पाट साडेतेरा किलोंच्या जवळ भरतो. माझा भाचा एका काखेत एक पाट आणि दुसऱ्या हातात मशीन घेऊन बांधीपर्यंत जातो. दोन्ही पाट दोन बोल्टांनी जोडले की ३ बाय २ चा तक्ता तयार. खाली दोन घोड्या, सुताराच्या असतात तशाच, फक्त सव्वा इंची अँगलच्या. पाट घोडीला जोडलेला नाही, नुसता दोन खुंट्यांत बसतो. पाय मुडपायची बिजागरी नाही, कुलपी नाही, म्हणून ढिलं होण्यासारखं काही नाही. घडीच्या टेबलाच्या किमतीत त्या बिजागऱ्यांचा आणि पिनांचा वाटा मोठा असतो, आणि पहिल्यांदा खराब तेच होतं. घोड्या थोड्या वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतं. पाट सरळ राहिला की भागतं.

पण सरळ टेबल नसताना सरळ टेबल बनवायचं कसं? इथे बहुतेक जण अडतात. गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घ्या. दोन सरळ पाइप, एकमेकांपासून अडीच फुटांवर, विटांवर समांतर ठेवा. नळीत पाणी भरून, बुडबुडे काढून, दोन्ही पाइपांची चारही टोकं एका पातळीत आणा. खाली पत्र्याच्या चिपा सरकवत जायचं, अर्धा तास जातो, जाऊ द्या. मग त्यावर पाटाचे तुकडे ठेवा. जो तुकडा डुगडुगतो तो फिरवून दुसरी बाजू खाली घ्या. चौकोनी पाइपाला चार बाजू असतात, बहुधा एक तरी बरी निघते. पाटाची वरची बाजू खाली, म्हणजे पालथी ठेवून आडवे अँगल वरून लावायचे आणि क्लॅम्पने आवळायचे. इंचभराचे वेल्ड, एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला, मधल्या वेळात हात लावून पाहायचं, गरम असेल तर थांबायचं. मी बारा नंबरचा रॉड वापरला. दहा नंबरने काम लवकर होतं, पण आच जास्त जाते. सगळं थंड झाल्यावरच क्लॅम्प सोडायचे. घाई केली तर पाट तुमच्या डोळ्यांदेखत उचलला जातो.

तपासायला दोन दोऱ्या पुरतात. पाट घोड्यांवर ठेवा. चारही कोपऱ्यांवर एकाच जाडीचे चार तुकडे ठेवा, मी १० मि.मी. गजाचे कापलेले तुकडे ठेवतो. त्यांवरून कोनाकोनी दोन दोऱ्या ताणा, एकीवर एक. मध्यभागी वाकून बघा. दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या असतील, ना दाबलेल्या ना सुटलेल्या, तर पीळ नाही. आता वरची दोरी खाली आणि खालची वर करून पुन्हा बघा. दोन्ही वेळा टेकल्या तरच खरं, कारण पहिल्या वेळी वरची दोरी खालचीला दाबून फट लपवू शकते. मध्ये १ मि.मी. फट दिसली तर समजा एका कोपऱ्याला २ मि.मी.चा चढ आहे. फाटक पिळलं त्या दिवशी मला ही दोन दोऱ्यांची गोष्ट माहीत नव्हती. काटकोन बघायला कोनाकोनी माप घ्यायचं: ९०० बाय ६०० मि.मी. चौकटीचं ते १०८२ मि.मी. येतं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं यायला हवं.

उंचीचं थोडक्यात: उभं राहून हात कोपरात वाकवा, त्याच्या पाच-सहा इंच खाली तक्ता असावा. साडेपाच फुटांच्या माणसाला ३४ ते ३६ इंच. ज्यांना बसल्याशिवाय हात स्थिर राहत नाही त्यांनी स्टूल घ्यावं आणि घोड्या २८ इंचांच्या कराव्यात. ती सवय मोडायची गरज नाही, डोकं धुराबाहेर राहिलं म्हणजे झालं. बाहेरच्या जमिनीवर घोडीचे पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली चार इंच बाय चार इंचाची चकती जोडा. तीन पायांचं टेबल उंचसखल जागी डुगडुगत नाही हे खरं, पण त्याच्या कोपऱ्यावर जड वस्तू ठेवली की ते कलंडतं. मी चार पाय आणि एक लाकडी पाचर यावर समाधानी आहे.

विजेची बाजू टेबलाशी जोडलेली आहे, कारण टेबल हा करंटच्या वाटेचा भाग असतो. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर लावू नका. तक्त्याला रंग लावूच नका. पाटाच्या खालच्या अँगलवर एक बोल्ट ठेवा, उघड्या लोखंडाचा, आणि क्लॅम्प नेहमी तिथे. वस्तूला रंग असेल तर ती टेबलावर नुसती ठेवून चालत नाही, ठिणगी भलत्याच जागी उडते. बेअरिंग बसवलेला भाग वेल्ड करताना अर्थिंग वेल्डच्या शेजारीच लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर आतल्या गोळ्यांवर खड्डे पडतात आणि महिनाभरात ते आवाज करू लागतं. दहा नंबरचा रॉड ११० अँपिअरवर चालवला की मशीन घराच्या लाइनीतून १५ ते २० अँपिअर ओढते. त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि ४ चौरस मि.मी. तांब्याची वायर लागते. घरातल्या दिव्याच्या बोर्डावरून ओढलेली पातळ एक्स्टेंशन गुंडाळलेली ठेवली तर तापून वितळते. आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून लोखंडी टेबलाला टेकू नका. रॉड जळत नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरडी फळी पायाखाली, कोरडे मोजे हातात.

आगीचं तर आमच्या गावांत विशेष. कापणीनंतर आवारात धानाचे पुंजणे असतात, मळणीनंतर तणसाचे ढीग. वेल्डची ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाऊ शकते, कामाच्या सुरक्षेच्या नियमांत हेच अंतर धरतात. ते पावलांनी मोजून बघा, बहुतेक आवारं तेवढी मोठी नसतात. म्हणून मी मार्गशीर्षात टेबल आवारात मांडत नाही, रस्त्याकडेला नेतो. हलकं टेबल असण्याचा हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नये, बादलीभर पाणी शेजारी ठेवावं.

पैशाची तरतूद म्हणाल तर, एवढ्याशा टेबलासाठी कर्ज काढू नका. कोणी पूर्ण दुकान थाटत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ला ती सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय तिच्यात येतात, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज आहे. लोहार त्यात आहे, हातोडा-अवजारं करणारा आहे, कुलूपवाला आहे. वेल्डर हे नाव वेगळं नाही. लोहारकीतूनच वेल्डिंगकडे आलेल्या घरांना याचा उपयोग व्हावा, आणि यादीत हा व्यवसाय त्याच्या नावाने यावा असं मला मनापासून वाटतं. गावात आज लोखंड जोडणारा हात बहुतेक वेल्डरचाच आहे.

टेबलावर वाचवलेले पैसे शिकंज्यांवर घालवा. चार सी क्लॅम्प, दोन सहा इंची आणि दोन चार इंची, एवढे तरी हवेतच. हलकं टेबल आणि आठ क्लॅम्प हे पन्नास किलोंचं टेबल आणि एका क्लॅम्पपेक्षा सरळ काम देतं.

मृग लागला की माझे पाट छपरीत येतात. वेल्डच्या खपल्या पटाशीने काढायच्या, तारेच्या ब्रशने घासायचं, मग तेलाचा अगदी पातळ हात. पुन्हा काम सुरू करण्याआधी ते तेल पुसून टाकायचं, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे धरतात आणि धूर दुप्पट होतो. पाट आडवे नाही, उभे ठेवायचे, लांब कडेवर, भिंतीशी. आडवे ठेवले तर त्यांवर काहीतरी जड येऊन बसतं. रोवणीच्या आठवड्यात मात्र ते पुन्हा बाहेर पडतात. गेल्या आषाढात केजव्हीलच्या सहा पट्ट्या एकाच दिवशी गेल्या. ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा, परे उपटून ठेवलेले, बायका वाट बघत बसलेल्या. मशीन पंपाच्या खोलीतल्या सॉकेटवर लावली, पाट तिथेच दारात मांडले, सहाही पट्ट्या एका मापाने वाकवून, क्लॅम्पमध्ये धरून, त्यांचे कान जोडले आणि चिखलातून नेऊन चाकाला बसवल्या. दुपारी तीनला ट्रॅक्टर बांधीत उतरला.